कराचीच्या वाटेची सुपारी

कुडपण गावातली लेक द्यायची तर आधी हैबतीच्या पायांना विचारावं लागे. मुलाचं घराणं, जमीन, पत्रिका हे सगळं त्यानंतर. गावकीचा नियम होता आणि तो कोणी मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सकाळी चूल पेटल्यावर बापानं घर सोडावं, लेकीच्या दारात तांब्याभर पाणी प्यावं आणि दिवेलागणीच्या आत आपल्या उंबऱ्यात परत यावं. एवढ्यात बसेल ते गाव सोयरिकीचं. न बसेल तो परमुलूख, मग तिथं सोन्याचा नांगर का चालेना.

हा नियम का पडला तेही गाव सांगे. कधीकाळी एक लेक घाटावर लांब दिली होती. तिच्या आजारपणाचा निरोप आणि तिच्या तेराव्याचं बोलावणं एकाच माणसानं एकाच दिवशी आणलं. तेव्हापासून वाट चालून बघायचं काम हैबतीच्या आज्याकडे आलं, तिथून बापाकडे, आणि आता तीस वर्षं हैबतीकडे होतं. तो ना धावायचा, ना रेंगाळायचा. लेकीला भेटायला निघालेला पन्नाशीचा बाप जसा चालेल तसा चालायचा. वाट नियमात बसली की संध्याकाळी भैरीच्या देवळाच्या पायरीवर एक सुपारी ठेवायचा. नाही बसली, तर तीच सुपारी अडकित्त्यानं फोडून स्वतः खायचा. बोलायचा काहीच नाही. संध्याकाळी हैबतीचं तोंड हलताना दिसलं की गाव समजायचं, सोयरीक मोडली.

तीस वर्षांत त्यानं अशा अकरा सुपाऱ्या खाल्ल्या होत्या. त्यातली एक खुद्द महिपत पाटलाच्या लेकीची होती. पाटील ती अजून विसरला नव्हता.

एकोणीसशे तेहतीस सालच्या माघात आवडीला स्थळ आलं ते कराचीचं.

आवडी म्हणजे हैबतीच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ सात वर्षांपूर्वी गेला. मागे त्याची बायको ठमाबाई आणि ही एकच पोर. तिला अठरावं सरत आलं होतं, गावाच्या हिशेबानं लग्न लांबलं होतं. स्थळ आणणारा मुरारी हा डोंगराखालच्या कापडे गावचा, मुंबईत गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम. मनगटावर घड्याळ आणि बोलण्यात चार इंग्रजी शब्द ठेवून असायचा. मुलगा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ सयाजी. कराचीच्या विमानतळावर नोकरीला.

"विमान त्याच्याच हाताखाली हाय," मुरारी भैरीच्या देवळात गावकीपुढं सांगत होता. "सयाजीनं हात लावल्याशिवाय ते जागचं हालत नाय."

"बरं, पण लांब किती?" हैबतीनं विचारलं.

मुरारीनं खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. "हे छापलेलं हाय, माझं नाय. गेल्या दिवाळीपासून टपालाचं विमान सुरू झालंय. सकाळी सहाला कराचीहून उडतं. मधी अमदाबादला दम खातं. दुपारी दोनला मुंबईत, जुहूला टच! सहाशे मैलांच्या वर वाट, टोटल टाइम आठ तास."

"म्हणजे वीस घटका," पाटलाचा मुलगा रामा म्हणाला. रामा चौथी पास होता आणि बावीस वर्षांचा होऊन घरी बसला होता.

महिपत पाटलानं मांडीवर थाप मारली. "हैबती, तुला कापड्याला जाऊन यायला किती लागतात?"

"एकवीस घटका. उतरायला आठ, चढायला तेरा."

"ऐकलंत?" पाटील सगळ्यांकडे वळला. "कराची कापड्यापेक्षा जवळ!"

देवळात समाधानाची हालचाल झाली. कापड्याला आजवर सात लेकी दिल्या होत्या. मग त्याहून जवळच्या गावाला हरकत घ्यायची कशी?

हैबती म्हणाला, "ते मुंबईपासनं झालं. कुडपणातनं मुंबईला दोन दिवस लागतात. पोलादपूरपर्यंत पायी, म्हाडापर्यंत मोटार, मग धरमतरपर्यंत दुसरी मोटार, पुढं लाँच. ते दोन दिवस कुठं गेले?"

"मुंबई धरायचीच नाय," पाटील म्हणाला.

"का?"

"डोंगरीला गावकीची खोली हाय का नाय? आपली चाळीस माणसं तिथं पाळीपाळीनं झोपतात. गेल्या साली सोनबाचा दंड त्या खोलीत ठरला आणि इथं वसूल झाला. तिथं भैरीच्या तसबिरीपुढं नारळ फुटला की तो इथं फुटला असं आपण धरतो. मग ती खोली म्हणजे कुडपणच. आणि तिथं चूल पण हाय."

यावर बोलायला कोणाला जागा नव्हती, कारण यातला प्रत्येक निर्णय आजवर त्यांनी स्वतःच हात वर करून दिला होता. दंड भरलेला सोनबासुद्धा मान हलवत होता.

हैबती सावकाश म्हणाला, "नियम जाऊन येण्याचा हाय. जायला आठ तास, यायला आठ तास. सोळा झाले. दिवेलागण चुकली."

पाटील म्हणाला, "नियमात जातो येतो कोण?"

"बाप."

"आवडीला बाप हाय?"

खांबाआड बसलेल्या ठमाबाईनं पदर ओढून घेतला.

"तुझं दुःख मला कळतं," पाटील म्हणाला, "पण नियम तो नियम. त्यात बाप म्हटलंय, चुलता म्हटलं नाय. जिला बाप नाय तिच्यापुरती वाट येकेरी धरायला हरकत नसावी."

हैबतीजवळ एक प्रश्न उरला होता. तो वाट बघायला कुठंही गेला तरी हा प्रश्न विचारायचाच. "पावसाळ्यात वाट चालू असते का?"

मुरारी घुटमळला. "जुहूला पाणी भरतं. तेवढे चार महिने विमान पुण्याला उतरणार हाय."

"पुणं तर मुंबईपेक्षा आपल्याला जवळ," पाटील म्हणाला. "घाट चढला की पुणं. म्हणजे पावसाळ्यात वाट आणखीच कमी होते."

एवढ्यावर कराची नियमात बसली. या सगळ्या उत्साहामागं एक गोष्ट होती, ती गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होती. सोयरीक झाली की रामाला कराचीच्या विमानतळावर चिकटवायचं मुरारीनं कबूल केलं होतं. चौथी शिकलेल्या पोराला शेतात घालायचं पाटलाच्या जिवावर आलं होतं आणि बाहेर कोणी घेत नव्हतं.

"हैबती, सुपारी ठेव आणि मोकळा हो," पाटील म्हणाला.

"मी वाट चाललो नाय."

"अरे, विमानाची वाट चालायची कशी?"

"ते मला काय ठाऊक? मी चाललेल्या वाटेचीच सुपारी ठेवतो. वर्तमानपत्र चाललं असंल तर त्याला ठेवू द्या."

पाटलाचा चेहरा उतरला नाही, फक्त आवाज थंड झाला. "शिमग्यापर्यंत वेळ देतो. होळी पेटायच्या आधी पायरीवर सुपारी दिसली नाय, तर वाटेचं काम सोनबाकडं जाईल. आणि त्याची सुपारी तयार हाय."

घरी आल्यावर ठमाबाईनं भाकरी वाढली. तव्याकडे बघतच ती म्हणाली, "भावजी, सोनबा सुपारी ठेवंल. पोर गेली की मला कधी दिसायची?"

हैबतीनं भाकरी मोडली. उत्तर माहीत नसलं की तो बोलत नसे, आणि माहीत असलं तरी फारसा बोलत नसे.

आवडी कोपऱ्यात नाचणी पाखडत होती. "काका, येक इचारू? त्या विमानात मला बसवतील का?"

"म्हंजे?"

"आठ तासांत येतं ते विमान. मी येते असं कुठं छापलंय?"

हैबतीचा घास हातातच राहिला. देवळात पंचवीस पुरुष दीड घटका बसले होते, सहाशे मैल उलटेसुलटे मोजले होते, पावसाळा धरला होता, मेलेला बाप वजा केला होता. पण एवढं एकानंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. पोलादपुरात रमजानची मोटार महाडला सुटायच्या बेतात होती. रमजान मोटार चालवायला लागण्याआधी दहा वर्षं बाणकोटच्या गलबतांवर खलाशी होता आणि कराचीचं बंदर त्यानं चार वेळा पाहिलं होतं. हैबती त्याच्या शेजारी बसला.

"रमजानभाय, कराची किती लांब?"

"कशानं जायचं त्याच्यावर हाय," रमजान म्हणाला. "मुंबैहून आगबोटीनं तीन दिवस. वारं फिरलं तर अल्ला मालिक. आमच्या गलबतानं येकदा एकोणीस दिवस घेतले, आणि त्यातले चार आम्ही मागंच जात होतो."

"विमानानं?"

"विमानानं जायला माणसानं कागद व्हायला पायजे."

महाडच्या टपालकचेरीत कारकून चष्मा कपाळावर चढवून शिक्के मारत होता. हैबती खिडकीशी उभा राहिला.

"कराचीच्या विमानात माणूस पाठवायचाय."

कारकुनानं वर पाहिलं. "टपाल पाठवायचंय?"

"माणूस. बाईमाणूस. अठरा वर्षांची हाय."

कारकून वयानं मोठा आणि स्वभावानं गंभीर होता. त्यानं खरोखरच दराचं पुस्तक उघडलं. पानावरून बोट फिरवत म्हणाला, "पत्र, अर्ध्या तोळ्याला जादा आकार. कार्डाचा निराळा. पुडक्याचा निराळा." त्यानं पान उलटलं. "बाईमाणसाचा दर दिलेला नाही."

"तोळ्यावर धरा की. पोर बारीक हाय."

मागे उभा असलेला रमजान भिंतीकडे तोंड करून हसू लागला. कारकून मात्र हसला नाही. "अहो, ते टपालाचं विमान आहे. त्यात पिशव्या जातात. तुम्हाला काय कळवायचं असेल ते पत्रानं कळवा. निळी चिठ्ठी चिकटवून देतो, पुढच्या विमानात पडेल."

हैबती कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला. समोरच्या रस्त्यानं बैलगाड्या चवदार तळ्याकडे चालल्या होत्या. त्याला कराचीपर्यंत चालता येणार नव्हतं. पण वाट दोन टोकांची असते आणि कुठल्याही टोकाकडून निघालं तरी तेवढीच भरते. कराचीच्या टोकाला एक माणूस होता, त्याचे पाय शाबूत होते, आणि विमान तर त्याच्याच हाताखाली होतं.

त्यानं ओट्यावरच्या पत्रलेखकाकडून पत्र लिहून घेतलं:

"चि. सयाजी यास कुडपणहून हैबतीचे आशीर्वाद. तुझी सोयरीक माझी पुतणी आवडी हिच्याशी योजली आहे. कराची आठ तासांवर आहे असे गावकीचे मत पडले. तरी एखाद्या दिवशी सकाळच्या विमानाने निघून यावे, माझ्या हातचे पाणी प्यावे व परत जावे. किती वेळ लागला ते मी बघीन. त्याप्रमाणे सुपारी ठेवीन. रजेची अडचण पडू नये, कारण फार तर एका दिवसाचे काम आहे."

कारकुनानं पत्र तराजूत टाकलं, ते अर्ध्या तोळ्याच्या आत भरलं. निळी चिठ्ठी चिकटवली गेली.

उत्तर आलं ते होळीच्या दिवशी. कुडपणला टपालवाल्याची फेरी आठवड्यातून एकदाच, सोमवारी असे. मुरारी शिमग्याला मुंबईहून आला होता, देवळात ढोल लागले होते, आणि सोनबा नवा फेटा बांधून सुपारी मुठीत घेऊन तयार बसला होता. हैबतीनं पाकीट न फोडता पाटलासमोर ठेवलं.

"आधी शिक्के वाचा," तो म्हणाला.

रामानं पाकीट उजेडाकडे धरलं. "कराची, शनवार. मुंबई, शनवार."

"बघा!" मुरारी म्हणाला. "सेम डे! मी काय सांगत होतो?"

"म्हाड, मंगळवार," रामा पुढं वाचत होता. "पोलादपूर, बुधवार. आणि आज सोमवार."

म्हणजे सहाशे मैलांना एक दिवस लागला आणि मुंबईहून कुडपणला नऊ. पण तो काळ गावकीनं आधीच वजा केलेला असल्यामुळं त्यावर कोणी बोललं नाही.

पत्र मुरारीनं घेतलं. मायना खणखणीत वाचला. मग चार ओळी मनात वाचून घडी घालत म्हणाला, "सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. बाकी घरगुती हाय."

"गावकीच्या पत्रात घरगुती काय?" हैबती म्हणाला. "रामा, तू वाच."

रामा थोडं अडखळत, पण मोठ्यानं वाचू लागला:

"आपले पत्र विमानाने आले. ती पिशवी मीच उतरवली, त्यात माझे पत्र आहे हे ठाऊक नव्हते. लग्नाची गोष्ट मला आपल्याच पत्राने कळली. दादाने कळवले नव्हते."

ढोलवाले थांबले. मुरारी घड्याळाला चावी देऊ लागला.

"मी येथे विमानात पेट्रोल ओततो व पिशव्या चढवतो. विमानात एक साहेब चालवायला असतो व मागे टपाल. कधी दुसरा एखादा साहेब बसला तर त्याचे भाडे माझ्याच्याने दोन वर्षांत होणार नाही. मी आत एकदाच गेलो, सांडलेले पेट्रोल पुसायला. तेव्हा ते जमिनीवर होते. मला यायचे तर आगबोट तीन दिवस, पुढची वाट आपण जाणताच. बोटीची वाट पाहणे धरून जाऊन येऊन पंधरा दिवस होतात व रजा आठ दिवसांची मिळते. म्हणून तीन वर्षे आईला पाहिले नाही. आपण एका दिवसाचे काम लिहिले ते वाचून बरे वाटले, पण ते माझ्याच्याने होत नाही."

खांबाआडून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. रामा थांबला.

"वाच की," पाटील म्हणाला.

"माझ्याबद्दल हाय," रामा म्हणाला आणि पुढं वाचू लागला. "पाटलांच्या रामास येथे लावण्याविषयी दादाने लिहिले होते. मागच्या महिन्यात एक जागा झाली आहे, जरूर पाठवावे. फक्त पाच वर्षांचा कागद करून घेतात व मधे सोडता येत नाही. मागे एकाचा बाप वारला तेव्हा तार आठ दिवसांनी हातात पडली, मग तो गेलाच नाही. मुलीविषयी मोठ्यांनी ठरवावे. माझी हरकत नाही, पण तिला कराची आठ तासांवर आहे असे सांगू नये."

महिपत पाटील रामाच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला. त्याला एकच मुलगा होता.

"पाच वर्षं?" तो म्हणाला.

"पाच," रामा म्हणाला.

"मधी येकदाबी नाय?"

"रजा आठ दिवसांची हाय, आबा. वाट पंधरा दिवसांची."

पाटलानं घसा साफ केला. "मुरारी, हे लांब हाय रे."

"पाटील," हैबती म्हणाला, "आठ तास हाय. कापड्यापेक्षा जवळ."

"पिशवीला आठ तास, हैबती. माणसाचं निराळं."

"मुंबईतली खोली म्हंजे कुडपणच ना? तिथनं मोजा."

"खोली खोलीच्या जागी. पोरगा काय खोलीत येऊन बसणार हाय का?"

"मग येकेरी धरा."

"येकेरी कसं धरणार? जाऊन यायला नको का त्यानं?"

"व्हय," हैबती म्हणाला. "रामाला बाप हाय."

पाटलानं मान खाली घातली नाही. तीस वर्षं पंचायतीत बसलेला माणूस होता तो. पण त्यानं समोरचा नारळ उगाचच उचलला, हलवून पाणी आहे का ते ऐकलं आणि पुन्हा खाली ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गावकीचा नियम फार जुना हाय. आपल्या वाडवडिलांनी काय उगाच केला नाय. विमानं येतील आणि जातील. कराची नियमात बसत नाय, असं माझं पहिल्यापासनं मत होतं."

देवळातल्या पंचवीस माना हलल्या. मागच्या वेळी कराची जवळ ठरवताना त्या जशा हलल्या होत्या, तशाच. सोनबानं मुठीतली सुपारी हळूच कमरेला खोवली आणि फेट्याचं काय करावं या विचारात पडला. मुरारी म्हणत होता की पेपरात छापलेलं चूक नसतं, आणि त्याचं ते खरंच होतं.

"वाटेचं काम हैबतीकडंच ऱ्हाईल," पाटील म्हणाला. "हैबती, तुझी सुपारी?"

हैबतीनं कनवटीची सुपारी काढली, पायरीसमोर उभा राहिला आणि भैरीला हात जोडले. सयाजीचं पत्र त्यानं रामाकडून मागून घेतलं. त्यात सयाजीच्या आईबद्दल एक ओळ होती, ती उद्या कापड्याला जाऊन म्हातारीला ऐकवायला हवी होती. एकवीस घटकांचं काम होतं.

बाहेर होळी पेटली होती. ठमाबाई निकालाला थांबली नव्हती. पाटलानं घसा साफ करायच्या आधीच ती उठून घरी गेली होती, कारण देवळात काय ठरतं ते तिनं मागच्या वेळी ऐकलं होतं. चुलीपुढं बसून ती दाराकडं बघत होती. ढोलांच्या आवाजात पाऊल वाजलं नाही. हैबती उंबऱ्यात आला तेव्हा होळीचा उजेड त्याच्या पाठीवर होता आणि तोंडावर अंधार. ठमाबाईनं चिमणी उचलली आणि वर धरली.

हैबतीचं तोंड हलत होतं.

तिनं चिमणी खाली ठेवली, चुलीत एक लाकूड सारलं आणि पिठाचा डबा पुढं ओढला.

"काका," आवडी आतून म्हणाली, "येक खांड मला द्या की."